टंचाईची रंगीत तालीम

नैसर्गिक वायू डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच की काय, तो ज्याच्या घरी येतो त्याला तो कोठून येतो याची चौकशी करावीशी सहसा वाटत नाही. कोळसा वाघिणीतून उतरताना दिसतो, लाकडाची मोळी कोणाच्या तरी डोक्यावरून येते, रॉकेलसाठी एके काळी रांगेत उभे राहावे लागे. वायूचे तसे नाही. कळ फिरवली की निळी ज्योत उमटते, पुन्हा फिरवली की विझते. या ज्योतीमागे हजारो मैलांची वाट असते, त्या वाटेवर अनेक राष्ट्रांच्या सरहद्दी असतात आणि प्रत्येक सरहद्दीवर कोणाचा ना कोणाचा हात कळीवर असतो, ही गोष्ट ज्योत विझेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

ती विझण्यापूर्वीच ध्यानात यावी यासाठी गेल्या काही दशकांत एक शास्त्र उभे राहिले आहे. खोटी टंचाई गणितात घडवून आणावयाची, ती कोणाला कशी जाचते ते पाहावयाचे आणि खरी टंचाई येण्याच्या आत उपाय योजावयाचे, अशी या शास्त्राची रीत. नाटकमंडळी पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात, तशीच ही टंचाईची तालीम होय. तिला सिम्युलेशन असे नाव आहे. आम्ही तिला तालीमच म्हणू, आणि ज्या गणिती रचनेवर ती चालते तिला प्रतिरूप म्हणू.

अशी तालीम सर्वांत मोठ्या प्रमाणावर युरोपात झाली आणि नंतर तिची कसोटीही तेथेच लागली. म्हणून प्रस्तुत विवेचनात आम्ही मुख्यतः युरोपचे उदाहरण घेणार आहोत. हे शास्त्र काय सांगू शकते, काय सांगू शकत नाही, आणि जे सांगायचे राहून जाते त्याची किंमत कोण मोजतो, एवढेच आम्हांला पाहावयाचे आहे.

वायूची वाट

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तो भूगर्भातून काढतात, शुद्ध करतात आणि पोलादी नळांतून मोठ्या दाबाखाली पुढे ढकलतात. घर्षणाने दाब उतरत जातो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो पुन्हा वाढविणारी यंत्रगृहे बांधावी लागतात. एवढे करूनही वायू विजेसारखा क्षणात पोहोचत नाही. मोठ्या नळातील त्याचा वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटर, म्हणजे एखाद्या संथ आगगाडीइतका. पश्चिम सैबेरियातील उरेंगॉय क्षेत्रातून निघालेल्या वायूला चार हजारांहून अधिक किलोमीटर तोडून मध्य युरोपात येण्यास चार-पाच दिवस लागतात. नळात भरलेला वायू हाही एक लहानसा साठाच असतो. त्यामुळे एका टोकाची कळ बंद झाली तरी दुसऱ्या टोकाची ज्योत त्याच क्षणी विझत नाही. थोडी उसंत मिळते, पण ती तासांची असते, आठवड्यांची नव्हे.

आठवड्यांची उसंत हवी असेल तर साठा हवा. थंड देशांत उन्हाळ्यात वायूला मागणी थोडी आणि हिवाळ्यात अनेकपट. आपल्याकडे पूर्वी धान्य जमिनीतील पेवात भरून ठेवीत. त्याच धर्तीवर युरोपात रित्या झालेल्या वायुक्षेत्रांत आणि मिठाच्या थरांत कोरलेल्या गुहांत उन्हाळ्यात वायू दाबून भरतात व हिवाळ्यात काढतात. मात्र दोहोंत एक मोठा फरक आहे. पेवातले धान्य अर्धे संपले म्हणून उरलेले काढण्यास अधिक दिवस लागत नाहीत. वायूचा साठा जसजसा कमी होतो तसतसा आतील दाब उतरतो आणि दिवसाकाठी निघणारा वायूही कमी होतो. भरल्या हौदाच्या तोटीला जोर असतो आणि हौद रिता होत आला की धार बारीक होते, तोच हा प्रकार. फेब्रुवारीच्या अखेरीस थंडीची लाट आली तर साठ्यात वायू असूनही तो हवा तितका भरभर निघत नाही. 'साठ्यात किती उरले' आणि 'आज त्यातून किती निघेल' हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि वर्षाच्या जमाखर्चात दुसरा प्रश्न दिसतच नाही.

तिसरी वाट समुद्राची. वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो व त्याला मूळच्या सुमारे सहाशेव्या हिश्शाइतकीच जागा पुरते. हा द्रव खास जहाजांतून नेतात आणि पोहोचल्यावर ऊब देऊन त्याचा पुन्हा वायू करतात. जहाज नळासारखे जमिनीला जखडलेले नसते. जो अधिक भाव देईल त्याच्या बंदराकडे ते तोंड वळवू शकते. या एका गोष्टीचे परिणाम किती दूरवर पोहोचतात ते पुढे दिसेलच.

जाळे आणि त्याचे गणित

प्रतिरूप म्हणजे काय हे समजण्यासाठी कोळ्याचे जाळे डोळ्यांपुढे आणावे. जाळ्यातील गाठ म्हणजे एखादे शहर, वायुक्षेत्र, साठा किंवा बंदर, आणि दोन गाठींमधला दोरा म्हणजे नळ. प्रत्येक दोऱ्यावर त्यातून दिवसाला जास्तीत जास्त किती वायू जाऊ शकेल तो आकडा लिहावयाचा, आणि प्रत्येक गाठीवर तेथील आवक व खप. नियम मोजकेच आहेत. गाठीत जेवढे आले तेवढेच तेथून पुढे गेले, खपले किंवा साठ्यात पडले पाहिजे. दोरा आपल्या मर्यादेपलीकडे भार वाहत नाही. आजचा साठा म्हणजे कालचा साठा, अधिक भर, वजा उचल. या नियमांत राहून कमीत कमी खर्चात, अथवा लोकांना कमीत कमी उणे पडेल अशा रीतीने, वायू कसा वाहील ते संगणक शोधून काढतो. एक दिवस झाला की दुसरा, असा सबंध हिवाळा चालवावयाचा. मग एक दोरा तोडावयाचा आणि तोच हिवाळा पुन्हा चालवावयाचा. या दोन हिवाळ्यांत जो फरक पडेल ती त्या दोऱ्याची खरी किंमत.

या गणिताचा जन्म मोठा चमत्कारिक आहे. १९५५ साली अमेरिकेतील रँड या संस्थेत हॅरिस व रॉस यांनी सोव्हिएट रेल्वेच्या जाळ्यावर एक गुप्त अहवाल लिहिला. रशियातून पूर्व युरोपकडे जास्तीत जास्त किती माल जाऊ शकेल आणि तो अडवायचा तर रूळ कोठे तोडावे लागतील, हा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नातून स्फूर्ती घेऊन फोर्ड व फुल्कर्सन यांनी १९५६ साली एक सिद्धांत प्रसिद्ध केला. जाळ्यातून जास्तीत जास्त जेवढा प्रवाह जाऊ शकतो तो त्या जाळ्याच्या सर्वांत अरुंद छेदाइतकाच असतो, हा त्याचा सारांश. मूळ अहवाल १९९९ साली खुला झाला. दुसऱ्याचा पुरवठा कसा तोडावा हे शोधण्यासाठी निघालेले गणित आज आपला पुरवठा कसा टिकवावा हे शोधण्यासाठी वापरले जाते. पुरवठ्याची सर्वांत अरुंद जागा जशी शत्रूला हवी असते तशीच ती पहारेकऱ्यालाही ठाऊक असावी लागते.

राहता राहिला दैवाचा भाग. थंडी किती पडेल, कोणते यंत्र कधी बिघडेल, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी संगणकाला जणू फासे टाकावयास लावतात आणि एकाऐवजी हजारो हिवाळे चालवून पाहतात. हजारांपैकी किती हिवाळ्यांत टंचाई झाली हे मोजले की धोक्याचा अंदाज येतो. अणुशास्त्रज्ञांच्या वर्तुळात १९४० नंतरच्या दशकात उलम व फॉन नॉयमन यांनी पुढे आणलेली ही पद्धत. जुगाराच्या अड्ड्यावरून तिला मोंटे कार्लो हे नाव पडले.

तालमीवाचून झालेला प्रयोग

आता प्रत्यक्षाकडे वळू. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात वायूचा भाव व थकबाकी यांवरून भांडण जुंपले. १ जानेवारीला युक्रेनचा पुरवठा तुटला आणि ७ जानेवारीपासून युक्रेनमधून युरोपकडे जाणारा वायूही संपूर्ण थांबला. तो पुन्हा सुरू होण्यास २० जानेवारी उजाडली. ऐन हिवाळ्यात सुमारे दोन आठवडे हा प्रकार चालला. बल्गेरियाचा जवळजवळ सगळा वायू याच एका वाटेने येई. तेथे कारखाने थंडावले, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. सर्बिया व बॉस्निया येथे घरे तापविण्याची व्यवस्था कोलमडली. स्लोव्हाकियाने आणीबाणी जाहीर केली.

या संकटाची खरी गोम निराळीच होती. त्याच वेळी पश्चिम युरोपातील साठ्यांत वायू होता. एकीकडे पेवे भरलेली आणि दुसरीकडे चुली विझलेल्या, असे का व्हावे? कारण नळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहण्यासाठीच बांधलेले होते. उलट दिशेने वायू ढकलण्याची यंत्रे सरहद्दीवरच्या ठाण्यांत बसविलेलीच नव्हती. कित्येक दिवसांच्या खटपटीनंतर चेक प्रजासत्ताकातून स्लोव्हाकियाकडे उलटा प्रवाह सुरू झाला. वर्षाच्या जमाखर्चात युरोपाला वायू पुरेसा होता. उणीव होती ती एका दिशेची, आणि एकूण बेरजेत दिशा दिसत नाही. ती जाळ्यातच दिसते.

हा चटका बसल्यावर २०१० साली युरोपीय संघाने कायदा केला. नळांत उलटा प्रवाह शक्य करावा, घरे व रुग्णालये यांना आधी वायू मिळावा, आणि प्रत्येक देशाने एक साधी कसोटी उतरून दाखवावी, असे त्यात ठरले. ती कसोटी अशी. देशात वायू आणणाऱ्या सर्व वाटांची दिवसाची क्षमता, त्यात साठ्याची व देशी उत्पादनाची क्षमता, अशी बेरीज करावयाची. मग सर्वांत मोठी वाट वजा करावयाची. वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या अति थंड दिवसाची मागणी उरलेल्या क्षमतेत भागली पाहिजे. समजा, एका देशात ६० मापांचा एक नळ, ३० मापांचा दुसरा आणि ४० मापांचा साठा आहे, व त्या दिवसाची मागणी १०० आहे. बेरीज १३०, म्हणजे वरवर भरपूर. मोठा नळ वजा करताच उरतात ७०. देश नापास.

कसोटी साधी आहे, म्हणून उपयोगी आहे आणि म्हणूनच अपुरीही आहे. ती दाराची रुंदी मोजते, पण दारातून आत येणारा कोणी बाहेर उभा आहे की नाही हे पाहत नाही. जर्मनीसारखा देश या कसोटीत सहज उत्तीर्ण होत होता, कारण त्याला दारे पुष्कळ होती. त्यांपैकी बऱ्याच दारांबाहेर एकच विक्रेता उभा होता, ही गोष्ट या भागाकारात येतच नव्हती.

२०१४ ची तालीम

२०१४ साली रशियाने क्रिमिया घेतल्यावर युरोपीय संघाने मोठी तालीम करण्याचे ठरविले. संघातील व शेजारचे मिळून ३८ देश तीत धरले होते. युक्रेनमधून येणारा वायू थांबला तर काय, आणि रशियाचा सगळाच वायू थांबला तर काय, असे दोन प्रसंग कल्पिले. प्रत्येकाची मुदत एक महिना व सहा महिने अशी दोन प्रकारांनी धरली आणि त्यातच कडाक्याच्या थंडीची भर घातली. याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक प्रसंग दोन स्वभावांनी चालवून पाहिला. एकदा प्रत्येक देश आपल्यापुरते पाहतो असे मानून, आणि एकदा सर्व देश वाटून घेतात असे मानून.

ऑक्टोबर २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रशियाचा वायू सहा महिने पूर्ण थांबला आणि प्रत्येकाने आपापली सरहद्द मिटून घेतली, तर फिनलंड, एस्टोनिया, मॅसिडोनिया, बॉस्निया आणि सर्बिया या देशांना गरजेच्या शेकडा ६० किंवा त्याहूनही अधिक वायूची तूट येईल, असे दिसले. उलट सर्वांनी वाटून घेतले तर घरगुती ग्राहकांच्या चुली व रुग्णालये सहा महिनेही चालू राहतील, असे आढळले. नळ तेच, साठे तेच, थंडी तीच. फरक फक्त वागणुकीचा. एरवी 'सहकार्य' हा शब्द सभेत टाळ्या घेण्यापुरता वापरला जातो. येथे त्याचे माप घनमीटरांत निघाले.

या तालमीने आणि तिच्या आगेमागे झालेल्या विचारमंथनाने जे घडले ते पाहण्यासारखे आहे. लिथुएनियाने क्लाइपेडा बंदरात द्रवरूप वायू उतरविणारे तरंगते स्थानक आणण्याचे काम आधीच हाती घेतले होते. २०१४ च्या ऑक्टोबरात ते जहाज दाखल झाले. त्याचे नावच 'इंडिपेंडन्स', म्हणजे स्वातंत्र्य. फिनलंड व एस्टोनिया यांना जोडणारा समुद्राखालचा नळ २०२० च्या आरंभी सुरू झाला. २०१७ च्या नव्या कायद्याने अडचणीतल्या शेजाऱ्याला वायू देणे हे कर्तव्य ठरविले. मे २०२२ मध्ये रशियाने फिनलंडचा वायू तोडला तेव्हा हा समुद्राखालचा नळ हाताशी होता. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये एका जहाजाच्या नांगराने तो नळच फाटला. पण तोवर इंकू बंदरात फिनलंडचे स्वतःचे तरंगते स्थानक येऊन बसले होते. एक वाट तुटली तरी दुसरी उरावी, हा कागदावरचा नियम एका देशाला अशा रीतीने दोन वर्षांत दोनदा उपयोगी पडला.

गृहीत धरलेली गोष्ट

येथवरची कथा यशाची झाली. आता त्याच तालमीतून काय निसटले ते पाहू. हिवाळ्याच्या तोंडावर साठे बऱ्यापैकी भरलेले असतील हे अशा हिशेबांत धरलेले असे. २०१४ साली ते खरोखर भरलेले होतेही. यामागचा विचार सरळ होता. वायू उन्हाळ्यात स्वस्त व हिवाळ्यात महाग. व्यापारी स्वस्तात घेऊन साठवील आणि महागात विकील. त्याचा नफा आणि लोकांची सोय एकाच दिशेने जातील.

परंतु साठ्याचा मालक केवळ व्यापारी नसून स्वतः विक्रेताच असेल तर? जर्मनीतील रेडेन येथील साठा हा त्या देशातला सर्वांत मोठा, सुमारे चार अब्ज घनमीटरांचा. तो रशियाच्या गॅझप्रॉम कंपनीच्या ताब्यात होता आणि २०२१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो जवळजवळ रिकामा होता. संबंध युरोपातील साठे त्या ऑक्टोबरात शेकडा ७५ च्या आसपासच भरले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा युरोपाला बाहेरून येणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा रशियाकडून येत होता आणि जर्मनीत द्रवरूप वायू उतरविणारे एकही बंदर नव्हते.

प्रतिरूपाचे गणित चुकले होते काय? मुळीच नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर दिले होते. 'साठा भरणार कोण, आणि न भरण्यात कोणाचे हित आहे?' हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. जून २०२२ मध्ये युरोपीय संघाने नवा नियम करून १ नोव्हेंबरपर्यंत साठे शेकडा ८० भरणे सक्तीचे केले. ते व्यापाऱ्याच्या नफ्यावर सोडलेले गृहीत होते, त्याचे कायद्यात रूपांतर झाले.

याच काळात जर्मनीत एक वाद पेटला. मार्च २०२२ मध्ये नऊ अर्थशास्त्रज्ञांनी प्रतिरूपाच्या आधारे असे मांडले, की रशियाचे इंधन एकदम बंद केले तर जर्मनीचे राष्ट्रीय उत्पन्न शेकडा अर्धा ते तीन टक्के घटेल. म्हणजे नुकसान मोठे पण सोसण्याजोगे. उद्योगपती म्हणत होते की कारखानदारी कोसळेल. चॅन्सेलर ओलाफ शोल्ट्स यांनी दूरदर्शनवरील मुलाखतीत असल्या गणिती प्रतिरूपांवर विसंबणे बेजबाबदारपणाचे आहे असे सुनावले. दोन्ही पक्षांचा वाद वस्तुतः एकाच संख्येवर येऊन ठेपत होता. वायू महाग झाला तर कारखानदार त्याच्या जागी दुसरे काही कितपत सहज वापरू शकेल? तो आकडा थोडासा वाढविला की नुकसान लहान होते, शून्याजवळ नेला की प्रलय दिसू लागतो.

पुढे काय झाले? ऑगस्ट २०२२ च्या अखेरीस नॉर्ड स्ट्रीम या समुद्राखालच्या मोठ्या नळातून येणारा वायू थांबला आणि २६ सप्टेंबरला स्फोटांनी तो नळच फुटला. ऑगस्टात वायूचा भाव मेगावॅट-तासाला तीनशे युरोंच्या वर गेला होता. काही वर्षांपूर्वी तो वीसच्या आसपास असे. तरीही प्रलय झाला नाही. घरांनी व कारखान्यांनी वायू वाचविला. संघाने खप शेकडा १५ ने उतरविण्याचे ठरविले होते, तो ऑगस्ट ते मार्च या काळात शेकडा १८ च्या आसपास उतरला. डिसेंबरात विल्हेल्म्सहाफेन येथे जर्मनीचे पहिले द्रववायूचे बंदर उघडले. तथापि यावरून अर्थशास्त्रज्ञांची बाजू संपूर्ण सिद्ध झाली असे आम्ही म्हणणार नाही. वायू मार्चऐवजी ऑगस्टात तुटला आणि मधला उन्हाळा साठे भरण्यास मिळाला. हिवाळा सौम्य गेला. सरकारने मदतीसाठी २०० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद केली. रसायनांसारखे वायूवर चालणारे धंदे खरोखरच आकसले. प्रतिरूपात कल्पिलेला प्रसंग आणि प्रत्यक्ष घडलेला प्रसंग हे कधीच तंतोतंत सारखे नसतात. म्हणून प्रतिरूपाने वर्तविलेला आकडा खरा ठरला की खोटा, यापेक्षा कोणत्या आकड्यावर सारे अवलंबून आहे हे त्याने दाखविले की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे. या वादात ते दिसले, आणि सरकारच्या विरोधकांप्रमाणेच समर्थकांनाही कशाबद्दल बोलावयाचे ते कळले.

रेघेपलीकडचे लोक

आता आम्ही सर्वांत नाजूक भागाकडे येतो. प्रत्येक प्रतिरूपाला कोठेतरी कड असते. २०१४ च्या तालमीत ३८ देश होते. त्यांच्यापलीकडचे जग म्हणजे 'बाजारातून आणखी जहाजे मिळतील' या एका ओळीत मावणारी गोष्ट होती. २०२२ साली ती जहाजे खरोखर मिळाली. युरोपीय संघाने आदल्या वर्षापेक्षा सुमारे ५० अब्ज घनमीटर अधिक वायू समुद्रमार्गे आणला. पण जगातील द्रवरूप वायूचे उत्पादन काही त्या प्रमाणात वाढले नव्हते. मग तो आला कोठून? ज्यांना तो भाव परवडला नाही त्यांच्या वाट्यातून.

जुलै २०२२ मध्ये पाकिस्तानने द्रवरूप वायूसाठी निविदा मागविल्या तेव्हा एकही विक्रेता पुढे आला नाही. त्याच महिन्यात बांगलादेशाने चढ्या भावाची रोख खरेदी थांबविली आणि देशभर पाळीपाळीने वीज बंद ठेवण्याचा क्रम सुरू केला. भारतालाही झळ लागली. गेल या आपल्या सरकारी कंपनीचा गॅझप्रॉमच्या सिंगापूर येथील शाखेशी दीर्घ मुदतीचा करार होता. ती शाखा ज्या जर्मन कंपनीच्या मालकीची होती तिचा कारभार एप्रिल २०२२ मध्ये जर्मन सरकारने आपल्या हाती घेतला. वर्षाच्या मध्यापासून ठरलेली जहाजे भारताकडे येईनाशी झाली आणि गेलला खतकारखान्यांचा व इतर उद्योगांचा वायू कमी करावा लागला. आपल्याकडे युरिया मुख्यतः वायूपासूनच होतो. शेतकऱ्याच्या खताच्या गोणीचा संबंध बर्लिनमधील एका सरकारी निर्णयाशी असा येऊन पोहोचतो, आणि युरोपाच्या प्रतिरूपात मात्र ती गोणी कोठेच नसते.

यात युरोपाने काही पाप केले असे आम्हांला म्हणावयाचे नाही. प्रत्येक सरकार प्रथम आपल्या लोकांचा विचार करणार. आमचे म्हणणे एवढेच की रेघ कोठे ओढावयाची हा गणिताचा प्रश्न नाही, धोरणाचा आहे. रेघेच्या आतील टंचाई मोजली जाते. रेघेबाहेरची टंचाई अस्तित्वात असते, पण मोजली जात नाही, आणि जे मोजले जात नाही ते निर्णयाच्या वेळी आठवतही नाही.

आपला हिशेब

भारताच्या एकूण ऊर्जेत वायूचा वाटा शेकडा सहाच्या आसपास आहे. तो २०३० पर्यंत १५ पर्यंत न्यावा असे सरकारी उद्दिष्ट आहे. आपण वापरतो त्यापैकी सुमारे निम्मा वायू बाहेरून येतो. कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०२४ साली २०४८ पर्यंत वाढविण्यात आला. कतारहून निघणाऱ्या प्रत्येक जहाजाची वाट होर्मुझच्या सामुद्रधुनीतून आहे. युरोपासारखी मोठी भूमिगत पेवे आपल्याकडे नाहीत. अशा स्थितीत वायूचे धोरण आखताना असली तालीम ही केवळ पंडितांची करमणूक राहत नाही.

आणि तालमीत कोणता आकडा घालावा याचा धडा आपल्याच किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या द्रववायू-स्थानकाची क्षमता वर्षाला ५० लाख टन अशी सांगितली जाते. २०१३ साली तेथे पहिले जहाज आले. परंतु लाटा अडविणारा बंधारा पुरा नसल्यामुळे पुढे अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लागू शकत नसे. ज्याने वर्षाचा आकडा बारांनी भागून प्रतिरूपात घातला, त्याच्या हिशेबात आषाढातही जहाज येई. कोकणातल्या कोणत्याही खलाशाने ही चूक तात्काळ दाखविली असती. प्रतिरूपाला पाऊस कोणी सांगितला नाही तर ते सदाच उन्हाळा धरून चालते.

तेव्हा उद्या एखादा अहवाल आपल्यापुढे येईल आणि त्यात संगणकाने सिद्ध केले आहे म्हणून अमुक नळ बांधावा, अमुक करार करावा असे लिहिलेले असेल, तेव्हा सामान्य नागरिकाने दबून जाण्याचे कारण नाही. समीकरणे त्याला न कळोत, तीन प्रश्न तो खुशाल विचारू शकतो. कोणता दोरा तोडून पाहिला, आणि कोणता तोडावयाचे धैर्य झाले नाही? कोणती गोष्ट आपोआप घडेल असे धरले आहे, आणि ती न घडण्यात कोणाचा फायदा आहे? रेघ कोठे ओढली, आणि तिच्या बाहेर कोण राहिले? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या अहवालात सापडतील तो निर्णयाच्या उपयोगाचा. ज्यात ती नसतील तो कितीही जाड असला तरी परत पाठवावा.

टंचाई टाळता येईलच असे नाही. थंडी, युद्ध आणि दर्यावरचे वादळ ही कोणाच्या हातची नाहीत. परंतु टंचाई आलीच तर कोणाची चूल आधी विझवावयाची हा निर्णय शेवटी माणसांनाच करावा लागतो. तो भर थंडीत, घाबऱ्या घाबऱ्या, एका रात्रीत करण्यापेक्षा निवांतपणी, सर्वांसमक्ष आणि हिशेब पुढे ठेवून करता यावा, एवढ्यासाठी ही तालीम. तिचा उपयोग एवढाच आहे, आणि तो काही थोडा नाही.